पिकअपला एलईडी हेडलाइट लावताय? आधी उजेड कुठे पडतो ते बघा

रात्रीची वेळ आहे. तुम्ही दुचाकीवरून गावाकडे निघालाय. समोरून एक पिकअप येते आणि तिच्या पांढऱ्याफटक हेडलाइटनं डोळे असे दिपतात की रस्ता, साइडपट्टी, खड्डा काहीच दिसेनासं होतं. चिडून तुम्ही डिपर मारता. समोरचा ड्रायव्हर क्षणभर अप्पर लावून दाखवतो. त्याचं म्हणणं एवढंच असतं, ‘बाबा रे, माझा डिपरच चालू आहे.’

गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो. डिपर चालू असतानाही ती गाडी समोरच्याला आंधळं करू शकते. याचं उत्तर हेडलाइटच्या आत बसवलेल्या बल्बमध्ये आहे.

पिकअपवाल्याची बाजूही समजून घेऊ. जुन्नर-ओतूर भागातून भाजी भरायची, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत कल्याण किंवा वाशीचं मार्केट गाठायचं. जुन्या हॅलोजनचा पिवळट, मिणमिणता उजेड, त्यात पाऊस आणि धुकं. अशा वेळी कुणी सांगितलं की हा एलईडी बल्ब टाक, दिवसासारखं लख्ख दिसेल, तर माणूस टाकणारच. पण लख्ख उजेड आणि नीट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बल्ब एकटा काम करत नाही

आपल्याकडच्या बऱ्याच पिकअप आणि जीपमध्ये एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक अप्परची, ६० वॅटची. दुसरी डिपरची, ५५ वॅटची.

हा बल्ब हातात घेऊन नीट बघा (काचेला बोट न लावता!). डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी दिसेल. सगळी कमाल या वाटीची आहे. डिपरच्या तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे मागच्या चकचकीत रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे फेकला जातो. समोर भिंत असेल तर तिच्यावर खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये एक स्पष्ट रेघ दिसते. या रेघेला कटऑफ म्हणतात. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही रेघ उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे थोडी वर चढते. उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये आणि डावीकडची कडा, चालणारी माणसं, पाट्या दिसाव्यात, यासाठी ही सोय.

म्हणजे हेडलाइट तयार करताना रिफ्लेक्टरचा प्रत्येक इंच ‘तार अमुक जागी असणार’ असं धरून घडवलेला असतो. तार एखाद-दोन मिलिमीटर जरी हलली, तरी रस्त्यावर उजेडाचं चित्र बदलतं.

एलईडी घातल्यावर काय बिघडतं?

हॅलोजनची तार बारीक असते आणि तिचा उजेड चहूबाजूंनी पडतो. एलईडी बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप्स चिकटवलेल्या असतात. उजेड दोन बाजूंनी जास्त आणि बाकीकडे कमी पडतो. चिप्सची जागा तारेच्या जागेशी तंतोतंत जुळली नाही, पट्टी जाड असली किंवा वाटी नीट बनवलेली नसली, तर कटऑफची रेघ पुसट होते. जो उजेड रस्त्यावर पडायला हवा तो वर उडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यात नुकसान फक्त समोरच्याचं नाही. अनेकदा एलईडीचा उजेड गाडीच्या अगदी पुढ्यात पसरतो. जवळचा रस्ता झगझगीत दिसला की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं, अंधारातलं कमी दिसतं. ड्रायव्हरला वाटतं, काय मस्त उजेड आहे. प्रत्यक्षात लांब उभी असलेली बैलगाडी किंवा बंद पडलेला ट्रक त्याला उशिरा दिसू शकतो.

उष्णतेचंही एक कोडं आहे. हॅलोजन आपली बरीचशी उष्णता पुढे काचेकडे फेकतो. एलईडीची उष्णता मात्र मागे, बुडाशी साठते. म्हणून त्याच्या मागे पंखा किंवा धातूचे पंख असतात. हा मागचा भाग मोठा असेल तर हेडलाइटचं रबरी झाकण बसत नाही. मग काही जण ते कापतात किंवा काढूनच टाकतात. पुढे पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात धूळ आत जाते आणि रिफ्लेक्टर काळवंडतो.

एलईडीचे फायदे खोटे नाहीत. तो वीज कमी खातो, चांगल्या प्रतीचा असेल तर जास्त टिकतो आणि कंपनीनं मुळात एलईडीसाठीच बनवलेल्या हेडलाइटमध्ये उत्तम काम करतो. अडचण हॅलोजनच्या घरात एलईडी घुसवण्याची आहे.

खोक्यावरचे ल्युमेन

ल्युमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. एच-४ हॅलोजनचा डिपर साधारण १,००० ल्युमेनचा आणि अप्पर साधारण १,६५० ल्युमेनचा असतो. आणि बाजारातल्या एलईडीच्या खोक्यावर? कधी १०,०००, कधी २०,०००.

एक सोपा हिशोब करा. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० ल्युमेन देतो. बल्ब ३० वॅटचा असेल तर ३,००० ते ४,५०० ल्युमेन झाले. म्हणजे २०,००० चा आकडा निव्वळ खोक्यावर छापलेला. आणि ल्युमेन खरे असले, तरी ते कुठे पडतात हे खोकं सांगत नाही.

पिकअपचं वेगळं दुखणं: मागचं वजन

कारपेक्षा पिकअपमध्ये हा प्रश्न जास्त गंभीर आहे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडीचं नाक वर होतं. नाक वर, म्हणजे हेडलाइटही वर.

किती फरक पडतो ते पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि मालामुळे मागची बाजू फक्त ५ सेंटीमीटर दबली असं धरा. रिकाम्या गाडीत डिपरची रेघ दर १० मीटरला १० सेंटीमीटर खाली उतरत होती. आता ती दर १० मीटरला साधारण ७ सेंटीमीटर वर चढायला लागते. हेडलाइट जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर असेल, तर ५० मीटर पुढे ही रेघ सव्वा मीटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे समोरून येणाऱ्या कारवाल्याच्या थेट डोळ्यांत.

हे हॅलोजनमध्येही होतं. पण तिथे उजेड मर्यादित असतो. त्याच्या जागी दुप्पट-तिप्पट उजेडाचा एलईडी असेल तर समोरच्याची काय अवस्था होईल? ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारा दुचाकीस्वार २ सेकंद जरी दिपला, तरी तेवढ्यात तो ३३ मीटर अंतर आंधळेपणानं कापतो.

यावर उपाय बऱ्याच गाड्यांमध्ये आधीपासून असतो. डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे असलेली एक छोटी चकती दिसते. ती हेडलाइट खाली-वर करायला असते. माल भरला की ती मोठ्या आकड्यावर न्यायची, गाडी रिकामी झाली की परत ० वर आणायची. वर्षानुवर्षं गाडी चालवूनही या चकतीला हात न लावलेले लोक आहेत.

फॉग लाइटचं गणित वेगळं आहे

माळशेज किंवा आंबोलीत पावसाळ्यात गाडी चालवली असेल तर अनुभव घेतला असेल. दाट धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांकडे परत येतो.

म्हणून फॉग लाइट बंपरमध्ये खाली बसवतात. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरून कापलेला. धुक्याच्या खालून रस्त्याच्या कडा आणि पांढरे पट्टे दाखवणं एवढंच त्याचं काम. लांबचं दाखवणं हे त्याचं काम नाहीच. इथे बेढब एलईडी घातला आणि झोत वर पसरला, तर फॉग लाइट असून नसल्यासारखा.

मग पिवळा की पांढरा? पिवळा उजेड धुकं ‘फाडतो’ असं सर्रास सांगितलं जातं. पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांचा उजेड जवळपास सारखाच विखुरतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की त्यात डोळ्यांना खुपणारा निळा भाग कमी असतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असायचे. ६,००० केल्विनच्या निळसर पांढऱ्या बल्बपेक्षा ३,००० केल्विनचा पिवळट बल्ब धुक्यात डोळ्यांना बरा वाटतो, हे खरं. पण रंगापेक्षा झोताची उंची आणि गाडीचा वेग जास्त महत्त्वाचे.

आणि धुकं संपलं की फॉग लाइट बंद करायचे. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ते समोरच्याला फक्त त्रास देतात.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ याच विषयावर आहे. दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. गाडीपासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाला तो दिपवणारा नसावा, असं हा नियम सांगतो.

मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२-अ २०१९ मध्ये बदललं. नियमात न बसणारा बदल गाडीत केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बल्ब दुकानात उघड विकत मिळतो म्हणजे तो रस्त्यावर चालतो, असा अर्थ होत नाही.

शिवाय पिकअप हे मालवाहू वाहन. त्याचं पासिंग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. त्यात हेडलाइटची तपासणी असते.

जर्मनीचं उदाहरण बोलकं आहे. तिथे हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची पहिली परवानगी २०२० मध्ये मिळाली. तीही सरसकट नाही. ज्या गाड्यांच्या हेडलाइटमध्ये तो बल्ब तपासला गेला, फक्त त्याच मॉडेलसाठी. म्हणजे तिथेही बल्ब आणि हेडलाइट ही जोडी म्हणूनच तपासली जाते.

मग उजेड वाढवायचा कसा?

खर्चाच्या क्रमानं, स्वस्तापासून सुरुवात करू.

१. काच साफ करा. उन्हानं पिवळी पडलेली प्लास्टिकची काच बराच उजेड गिळते. पॉलिश करून घेतलं तरी फरक दिसतो.

२. बल्बपर्यंत वीज किती पोहोचते ते मोजून घ्या. इंजिन चालू ठेवून वायरमनला थेट होल्डरवर व्होल्टेज तपासायला सांगा. गंजलेलं अर्थिंग आणि जुन्या वायरी यामुळे व्होल्टेज १० टक्के पडलं, तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. रिले आणि चांगली वायरिंग केली की तोच बल्ब नव्यासारखा पेटतो.

३. बल्ब जुने झाले असतील तर नामांकित कंपनीचे, त्याच वॅटचे हॅलोजन जोडीनं बदला. १०० वॅटचे बल्ब टाकू नका. वायरी तापतात, होल्डर वितळतात.

४. भिंतीवर झोत तपासा. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या मध्यभागाची उंची भिंतीवर खडूनं आखा. बहुतेक गाड्यांत डिपरची रेघ त्या खुणेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली यायला हवी. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तकात बघा. नंतर माल भरून पुन्हा तपासा.

५. एलईडीच हवा असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात एलईडी हेडलाइट येत असेल, तर तो पूर्ण हेडलाइट तुमच्या गाडीला नियमानुसार बसतो का, हे कळेल. नुसता बल्ब बदलण्यापेक्षा हा मार्ग महाग आहे, पण त्यात रिफ्लेक्टर आणि एलईडी एकमेकांसाठी बनलेले असतात.

कुणी आधीच एलईडी बसवला असेल, तर आज रात्रीच चौथ्या क्रमांकाची तपासणी करा. भिंतीवर स्पष्ट रेघ दिसत नसेल, उजेड वरपर्यंत सांडत असेल, तर जुना हॅलोजन परत लावा. तो फेकून दिला नसेल अशी आशा आहे.

अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्याला तुम्ही दिपवलं, तर तो भांबावून नेमका तुमच्याच दिशेनं येऊ शकतो. त्यामुळे त्याला रस्ता दिसणं ही तुमचीही गरज आहे.