अडगळीतील यंत्राचे मोल

जुने ते सोने, असे म्हणतात. पण सोन्याला निदान कसोटीचा दगड असतो. वर्षानुवर्षे गंजत पडलेल्या मोटारसायकलीचा कस कशावर लावावा? भंगारवाला तिचे वजन पाहतो. मालक ऐकीव आकड्यांवर मनोरथ रचतो. न्याय्य किंमत या दोहोंच्या मध्ये कोठेतरी दडलेली असते.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे जॉर्ज ब्रफ याच्या कारखान्यातून १९१९ ते १९४० या काळात सुमारे तीन हजार ‘ब्रफ सुपीरियर’ गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी आठ गाड्या कॉर्नवॉलमधील बॉडमिन मूर या माळरानावरील कोठारांत पन्नासांहून अधिक वर्षे धूळ खात होत्या. काहींचे तर केवळ सुटे भाग उरले होते. एप्रिल २०१६ मध्ये त्यांचा लिलाव झाला आणि आठांचे मिळून ७,५२,६२५ पौंड आले. पैकी १९३८ सालच्या एका चार सिलिंडरांच्या गाडीलाच ३,३१,९०० पौंड मिळाले. अशा गाड्या अवघ्या दहाच घडल्या होत्या.

हे मोल गंजाचे नव्हते, दुर्मिळतेचे आणि ओळखीचे होते. त्या कारखान्याच्या नोंदपत्रिका आजही जतन केलेल्या असल्याने सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहता येतो. टाकी किंवा चाक दुसरे मिळते. मूळ क्रमांक मात्र पुन्हा मिळत नाही.

सामान्य गाडीचा हिशेब निराळा. दुसऱ्या महायुद्धात ‘बीएसए एम-२०’ या गाड्या लाखाहून अधिक निघाल्या. तशा गाडीची सुस्थितीतील किंमत धरावी, तीतून सुटे भाग, इंजिनाचे काम व रंगरोगण यांचा खर्च वजा करावा. उरेल ते पडीक गाडीचे मोल. पुष्कळदा बाकी शून्यच उरते.

भारतातही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. तिरुवोट्टियूरची जुनी बुलेट किंवा म्हैसूरची जावा विकताना मूळपणाला त्यामुळे कायद्याचेही बळ आले आहे.

तरीही एक अडचण उरतेच. वडिलांची गाडी विकणाऱ्या वारसाला यांतले काहीच ठाऊक नसते. सारे ज्ञान बहुधा घेणाऱ्याच्या पदरी असते. म्हणून जो हिशेब विकणाऱ्यासमोर उघडपणे मांडता येतो, त्यातून निघालेली किंमतच न्याय्य. बाकी सारा अज्ञानाचा व्यापार होय.