मूल बदलायचे की भोवताल?

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात, रोवणीच्या दिवसांत, मी एका घरी गेलो होतो. आठ-नऊ वर्षांचा मुलगा ओसरीवर खाटेच्या पायाला दोरीने बांधलेला होता. तो बोलत नव्हता, एकसारखा अंग झुलवत होता. आई बांधीतून परत आली तेव्हा तिने आधी दोरी सोडली, मग हातपाय धुतले. "मोकळा ठेवला त पळून जाते जी नाल्याकडं," ती म्हणाली. "तिकडं वाघ आहे."

या आईला निर्दयी म्हणणे सोपे आहे. पण आमच्या भागात वाघाची भीती खोटी नाही आणि रोवणीचा दिवस बुडाला तर मजुरीही बुडते. तिच्याजवळ दोरीशिवाय दुसरे काही नव्हते. प्रश्न असा आहे की तिच्यापर्यंत दोरीच का पोहोचली, मदत का नाही? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

आपल्यापेक्षा वेगळे वागणाऱ्या माणसाचे काय करायचे, याला इंग्रजी राजवटीने एक ठाम उत्तर दिले होते: भिंतीआड ठेवायचे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ साली उभे राहिले. लोक त्याला पागलखानाच म्हणत. १८९२ मध्ये कामठीचे एक माजी सैनिक तिथे कोंडले गेले. ते म्हणजे हजरत बाबा ताजुद्दीन. सुमारे सोळा वर्षे ते आत होते. १९०८ साली नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे रघुजीराव यांनी हमी देऊन त्यांना बाहेर आणले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले.

बाबांवर आजच्या वैद्यकाचा कोणताही शिक्का मारण्याचा माझा हेतू नाही. श्रद्धावानांसाठी ते वली आहेत. मला इतकेच दाखवायचे आहे की १८९२ चे बाबा आणि १९०८ चे बाबा एकच होते. बदलला तो भोवताल. एका व्यवस्थेला जे वेड वाटले, त्यालाच एका हिंदू राजाने घरात जागा दिली. आजही विदर्भातल्या कितीतरी आया आपली 'वेगळी' लेकरे घेऊन ताजबागेत जातात. कदाचित तिथे त्यांच्या लेकराकडे कोणी डोळे वटारून पाहत नाही, म्हणूनही जात असतील.

मात्र दर्ग्याच्या सावलीतही साखळी असू शकते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मेले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णांना कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी घातली.

मुलांच्या बाबतीत पाश्चात्त्य विज्ञानही फार वेगळे वागले नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, वर्णन केले. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी आपल्या पुस्तकात त्याचा दोष आईच्या कोरडेपणावर टाकला. हे मत पुढे खोटे ठरले, तरी आपल्या मोहल्ल्यात ते आजही ऐकू येते: "आईनेच लाडावून ठेवला." त्याच काळात कॅलिफोर्नियात इवार लोवास आणि त्यांचे सहकारी अशा मुलांचे वागणे बदलण्यासाठी बक्षिसांबरोबर थप्पड आणि विजेचे झटकेही वापरत होते. मूल शांत झाले की उपचार यशस्वी, असे मानले जाई.

मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला: मूल असे का वागते? १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवले की काही मुले काम अवघड झाले की, तर काही आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून आदळआपट करतात. त्यांना 'मला समजत नाही' असे सांगायला किंवा शाबासकी मागायला शिकवले, तर आदळआपट कमी होते. म्हणजे ते वागणे हीच त्या मुलाची भाषा होती. शब्द, चित्र किंवा खूण असे दुसरे साधन मिळाले की ओरडण्याची गरज उरत नाही. कान झाकणारे मूल उद्धट नसते, कदाचित भोंग्याचा आवाज त्याला खरोखर दुखतो.

ही दृष्टी आपल्याला परकी वाटू नये. नमाज पढवताना मागे बाळाचे रडणे ऐकू आले की प्रेषित हजरत मुहम्मद (स.) नमाज आटोपती घेत, असे हदीसमध्ये आहे. त्या आईला मशिदीबाहेर काढले गेले नाही. बाळ रडले आणि इमामाने आपली नमाज बदलली.

आपला कायदाही हळूहळू इथे आला. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझम व अध्ययन अक्षमता दोन्ही धरल्या. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करते. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर मदरसे व वेदपाठशाळा या कायद्याबाहेर आहेत. तिथे छडी खाली ठेवण्याची जबाबदारी कायद्यावर ढकलता येणार नाही, ती आपलीच आहे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुले तपासतात. मूल घरात लपवले तर त्याची तपासणी होणार नाही. आणि चंद्रपूर इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. एका खेपेला आईची मजुरी जाते, वर गाडीभाडे. जमातीच्या बैतुलमालमधून हे भाडे निघू शकते. रोवणीच्या दिवसांत शेजारची एखादी खाला चार तास त्या मुलाजवळ बसू शकते. जुम्म्याला मशिदीच्या एका कोपऱ्यात, भोंग्यापासून दूर, त्याला आणि त्याच्या वडिलांना जागा ठेवता येते.

रघुजीरावांनी बाबांना बदलण्याचा प्रयत्न केला नाही, त्यांच्यासाठी आपल्या वाड्याचे दार उघडले. त्या मुलाच्या पायातली दोरी त्याची आई एकटी कायमची सोडू शकत नाही. तिला आपले हात लागतील.