बिबट्याने हाताला दात लावले? केस पेपरवर काय लिहून घ्याल, वाचा सविस्तर

जुन्नर/आंबेगाव : रात्री उसाला पाणी धरताना किंवा दुचाकीवरून घरी येताना बिबट्या अंगावर आला, की माणूस आपसूक हात आडवा धरतो. मान वाचते, पण कोपर ते मनगट या भागात दात रुततात. वरून दोन-चार छोटी भोकं दिसतात, रक्तही लवकर थांबतं. मग "एवढंसंच तर लागलंय" म्हणून हळद लावून घरीच थांबणं महागात पडतं. उपचार अर्धवट राहतात आणि भरपाईसाठी लागणारा कागदही कच्चा राहतो.

पहिल्यांदा काय करावं?
जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू, तिखट काहीही लावू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. १०८ ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. वनविभागाला १९२६ वर त्याच दिवशी कळवा.

जखम छोटी, पण खोल
सुळे स्नायूपर्यंत, कधी हाडापर्यंत जातात. वरचं तोंड मिटलं की घाण आत राहून पू होतो. म्हणून अशा जखमेला डॉक्टर शक्यतो लगेच टाके घालत नाहीत. हाड मोडलंय का, दाताचा तुकडा आत राहिलाय का, हे एक्स-रेमध्ये कळतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.
रक्त आलेला चावा रेबीजच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर वर्गात धरतात. त्यात लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. एकही तारीख चुकवू नका.

केस पेपरवर काय हवं?
१) जखम कशाने झाली : नुसतं "हाताला जखम" नको. बिबट्या पाहिला असेल तर तसं स्पष्ट सांगा. पाहिला नसेल तर जे घडलं तेवढंच सांगा.
२) तारीख, वेळ, ठिकाण.
३) हात डावा की उजवा, जखम कोपराजवळ की मनगटाजवळ.
४) भोकं किती, आकार आणि खोली किती.
५) बोटं हलतात का, बधिरपणा आहे का.
६) दिलेली इंजेक्शनं आणि पुढच्या तारखा.

पाचवा मुद्दा बहुतेकजण विसरतात. पुढे मूठ वळेनाशी झाली, तर ते या हल्ल्यामुळेच झालं हे पहिल्या दिवसाच्या नोंदीवरून दाखवता येतं.

कोड म्हणजे काय?
आयसीडी-१० या जागतिक यादीत हाताच्या या भागातल्या उघड्या जखमेला एस५१ हा कोड आहे. कुत्रा चावल्यास कारणाचा कोड डब्ल्यू५४, तर बिबट्यासारख्या इतर सस्तन प्राण्यांसाठी डब्ल्यू५५. कारणच लिहिलं नसेल, तर कोड तरी बरोबर कसा पडणार?

भरपाईसाठी
किरकोळ जखम, गंभीर जखम आणि कायमचं अपंगत्व यांची मदत वेगवेगळी असते. जखम कोणत्या प्रकारात बसते, हे सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरतं. वनरक्षकांकडून पंचनामा करून घ्या. केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिलं, आधार आणि बँक पासबुक एका पिशवीत ठेवा. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ कागद कुणालाही पोच घेतल्याशिवाय देऊ नका.