‘माझ्याकडे आहे’ आणि ‘आय हॅव’ : एका इंग्रजी क्रियापदाचा वापर

डिचोली तालुक्यातील सुर्ला हे खाणपट्ट्यातील गाव. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या, तेव्हा या पट्ट्यातील अनेक ट्रकचालकांना व यंत्रचालकांना दुसरीकडे काम शोधावे लागले. नव्या नोकरीचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो, मुलाखतीतही दोन-चार प्रश्न इंग्रजीत विचारले जातात. आपल्याकडे काय आहे आणि आपण काय केले आहे, हे सांगण्यासाठी तेथे प्रथम लागते ते ‘हॅव’ हे क्रियापद. ते दिसायला सोपे, पण मराठी माणसाला हमखास चकवणारे आहे.

मराठीत असे क्रियापद नाही

चकव्याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे परवाना आहे’, ‘मला ताप आहे’, ‘घराला तीन खोल्या आहेत’ या चारही वाक्यांत मराठी ‘असणे’ हेच क्रियापद वापरते. कोकणीतही ‘म्हाका दोन भाव आसात’ अशीच रचना होते. येथे क्रियापद भावांप्रमाणे, परवान्याप्रमाणे चालते. इंग्रजीत मात्र ज्याच्याकडे वस्तू आहे तो कर्ता होतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलते. म्हणून ‘त्याला दोन भाऊ आहेत’ याचे इंग्रजी ‘ही हॅज टू ब्रदर्स’ असे होते. मनातील ‘आहेत’ हे अनेकवचन ऐकून ‘ही हॅव’ म्हणण्याची चूक येथेच घडते.

नियम थोडक्यात असा : आय, यू, वी, दे यांच्यापुढे ‘हॅव’, ही, शी, इट किंवा एका व्यक्तीचे नाव यांपुढे ‘हॅज’, भूतकाळात सर्वांना ‘हॅड’. मात्र ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आल्यावर मूळ रूपच राहते. ‘डज शी हॅव अ लायसन्स?’ हे बरोबर, ‘डज शी हॅज’ हे चूक.

आजार सांगताना ‘आय हॅव अ फीवर’ म्हणावे, ‘आय ॲम फीवर’ नव्हे. भूक लागली असता मात्र ‘आय ॲम हंग्री’. पोर्तुगीज अमदानीत शिकलेल्या पिढीला हा फरक वेगळ्या बाजूने जाणवला असेल, कारण पोर्तुगीजमध्ये ताप आणि भूक दोन्हींना ‘टेर’ म्हणजे ‘जवळ असणे’ हेच क्रियापद लागते.

‘हॅविंग’ कधी?

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ किंवा ‘आय ॲम हॅविंग सिक्स इयर्स एक्सपीरिअन्स’ ही वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. मालकी, नाते, अनुभव या स्थिती आहेत. त्या चालू असलेल्या क्रिया नाहीत, म्हणून तेथे ‘आय हॅव’ एवढेच पुरे. ओळखण्याची खूण मराठीतच सापडते. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे आपण म्हणत नाही. तेथे ‘हॅविंग’ नको. ‘आम्ही जेवत आहोत’ असे म्हणतो. तेथे ‘वी आर हॅविंग लंच’ चालते.

अनुभव सांगताना काळ सांभाळावा

‘हॅव’ दुसऱ्या क्रियापदाला साहाय्यही करते. ‘आय हॅव अप्लाइड’ म्हणजे ‘मी अर्ज केला आहे’. परंतु मराठीत ‘मी काल अर्ज केला आहे’ हे वाक्य खपते, इंग्रजीत ‘आय हॅव अप्लाइड यस्टर्डे’ खपत नाही. काल, गेल्या वर्षी, २०१२ मध्ये अशी संपलेली वेळ आली की ‘हॅव’ गाळावे : ‘आय अप्लाइड यस्टर्डे’.

ही केवळ व्याकरणाची बारीकी नव्हे. समजा, एखाद्या चालकाने २००६ ते २०१२ खाणीवर काम केले आणि अर्जात ‘आय हॅव वर्क्ड इन अ माइन सिन्स २००६’ असे लिहिले. वाचणारा समजेल की तो अजूनही तेथेच कामाला आहे. पुढे मुलाखतीत खाण बंद झाल्याचे कळले की प्रामाणिक माणसाच्या सांगण्यात विसंगती दिसू लागेल. त्याने लिहावे : ‘आय वर्क्ड इन अ माइन फ्रॉम २००६ टू २०१२’. आजही चालू असलेल्या कामासाठी मात्र ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९’ हेच योग्य.

‘तो पणजीला गेला आहे’ म्हणजे ‘ही हॅज गॉन टू पणजी’. तो अजून परतलेला नाही. ‘तो पणजीला जाऊन आला आहे’ म्हणजे ‘ही हॅज बीन टू पणजी’.

इच्छा, सक्ती आणि मनाई

‘मला जायचे आहे’ या मराठी वाक्यात इच्छा आणि गरज दोन्ही मावतात. इंग्रजीत त्यांची फारकत होते. इच्छा असेल तर ‘आय वॉन्ट टू गो’, जाणे भाग असेल तर ‘आय हॅव टू गो’. रजा मागताना ‘माय मदर इज इल, आय हॅव टू टेक हर टू द हॉस्पिटल’ असे म्हटले तरच निकड पोहोचते.

नकारात अधिक सावध राहावे. ‘यू डोन्ट हॅव टू ओपन धिस गेट’ म्हणजे फाटक उघडण्याची गरज नाही; उघडले तरी हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट ओपन धिस गेट’ म्हणजे उघडण्यास सक्त मनाई. यंत्राजवळ काम करणाऱ्याने हा भेद ओळखला नाही, तर चूक कागदावर राहत नाही, हातापायावर बेतते.

अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक ‘हॅव’पाशी क्षणभर थांबून तीन प्रश्न विचारावेत. कर्ता कोण? ही स्थिती आहे की चालू क्रिया? आणि सांगितलेली वेळ संपली आहे की अजून चालू आहे? उत्तरे मराठीत मिळाली, की इंग्रजी वाक्य सहसा चुकत नाही.