तारप्याची गत

वारली चित्रांतला तारपा आता सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात चांगलाच परिचित झाला आहे. मध्यभागी वाद्य फुंकणारा एक पुरुष आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेस विळखा घालून वेटोळ्याने फिरणारी माणसांची रांग. डहाणूकडील जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणून देशोदेशी पोहोचविली, आणि २०११ साली पद्मश्री देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. परंतु चित्रास आवाज नसतो. ज्या सुरावर ती रांग फिरते त्या सुराची आम्ही सुशिक्षितांनी कितीशी विचारपूस केली?

जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले आहेत. पैकी जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेले आणि २०१४ पासून हा सारा मुलूख पालघर जिल्ह्यात मोडतो. संस्थान गेले, जिल्हा बदलला, तरी वारली-कोकणा पाड्यांवरील तारपा कोणाच्या दप्तरात नोंदला गेला नाही. तो कानोकानीच चालत आला.

तारपा बनतो तो शेतातून व रानातून. वाळलेला दुधी भोपळा पोखरून त्याची हवेची पिशवी करावयाची, तीत बांबूच्या दोन नळ्या बसवावयाच्या, नळ्यांत बांबूचीच जीभ घालावयाची, सांधे मेणाने बुजवावयाचे आणि टोकास ताडाच्या पानांचा कर्णा जोडावयाचा. वाजविणारा नाकाने श्वास घेतो त्याच वेळी गालांतली हवा भोपळ्यात लोटतो. म्हणून सूर तुटत नाही. नवे भात दाण्यावर येते तेव्हापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हा या वाद्याचा मुख्य हंगाम होय. तारपकरी जी गत वाजवितो तिला चाळा म्हणतात. चाळा बदलला की नाचणारांची पावले बदलतात. सारांश, वाद्य, पीक, ऋतू आणि नाच ही येथे एकाच दोरीत ओवलेली आहेत.

याच्या शेजारी दूरदेशीचे एक उदाहरण ठेवून पाहू. आयर्लंडात रील नावाची जलद लयीची नाचाची गत आहे. तीही खेड्यापाड्यांत कानाने शिकली जाई. १८४५ च्या सुमारास बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला आणि लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेस गेले. त्यांच्याबरोबर या गतीही गेल्या. शिकागो शहराचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील हा स्वतः आयरिश होता. त्याला स्वरलेखन चांगलेसे येत नसे. तो ऐकलेल्या गती ध्यानात ठेवी आणि त्याच्या खात्यातील जेम्स ओनील त्या लिहून काढी. अशा १८५० गतींचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. पुढे इटलीत जन्मलेल्या मँडोलिननेही त्या उचलल्या. मँडोलिनच्या तारा व्हायोलिनच्याच स्वरांत लावलेल्या असतात. त्यामुळे व्हायोलिनवर बसलेली बोटे त्यावर सहज चालतात. लांब सूर मँडोलिनवर टिकत नाही, तेथे प्रत्येक स्वर छेडावा लागतो. तथापि गत ओळखू येते. ती आपले वाद्य सोडू शकली, म्हणून समुद्र ओलांडून जगली.

मग आपणही तारप्याचे चाळे स्वरलिपीत उतरवून पेटीवर अथवा मँडोलिनवर बसविले म्हणजे काम झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वरांचा क्रम कागदावर येईल, आणि तो आणणे अवश्य इष्ट आहे. परंतु चाळ्याचा प्राण त्या अखंड श्वासात, एकदम बोलणाऱ्या त्या दोन नळ्यांत आणि सुराबरोबर वळणाऱ्या पावलांत आहे. नाचणारांवाचून तारपा म्हणजे वाऱ्यावर सोडलेले पत्र.

खरा धोका येथेच आहे. दिवाळी सरली की मोखाडा-जव्हारची कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. आयरिश माणूस देशांतरास गेला तेव्हा नव्या शहरी त्याला आपल्या लोकांची वस्ती, नाचाचे दिवाणखाने आणि ओनीलसारखा संग्राहक मिळाला. भट्टीवरच्या झोपडीत दिवसभर विटा पाडून दमलेल्या बापाजवळ मुलाने श्वास कोंडून धरण्याची विद्या कधी शिकावी? ही विद्या एका रात्रीची नव्हे. तिला वर्षानुवर्षांची संगत लागते.

जव्हार तालुक्यातील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट होय. चित्राच्या मागून पंधरा वर्षांनी का होईना, सुरासही मान मिळाला. परंतु मान वादकास मिळतो, विद्या शिष्यामुळे टिकते. तारपा जगवावयाचा तर त्याची ध्वनिमुद्रणे साठवून भागणार नाही. परसात भोपळ्याचा वेल चढला पाहिजे, गावातच पोटास काम मिळाले पाहिजे आणि अंगणात रांग धरणारी तरुण माणसे घरी असली पाहिजेत. संगीताच्या रक्षणाचा प्रश्न अशा रीतीने रोजगाराच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. भिंतीवर तारप्याचे चित्र लावणारांनी एवढे ध्यानात ठेविले तरी पुष्कळ होईल.