गाडीच्या पाठीवरचा बंब

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासताना गिरगावातील एका रस्त्याचे जुने छायाचित्र समोर आले. डावीकडे लाकडी कठड्यांची चाळ, तिच्या तळमजल्यावर दुकान, दुकानाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत उभी असलेली माणसे आणि रस्त्याच्या मधोमध एक मालमोटार. चालकाच्या बैठकीमागे पुरुषभर उंचीचे पत्र्याचे नळकांडे उभे होते व त्यातून निघालेला जाड नळ गाडीच्या कडेने पुढे गेला होता. खाली ओळ छापली होती : ‘१९३० – सत्याग्रहींवर पाण्याचा मारा करण्यासाठी आणलेली गाडी.’

हा तर्क अगदीच निराधार नव्हता. मुंबईच्या स्मृतीत १९३० साल आणि मालमोटार यांचे नाते घट्ट आहे. त्या वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवी भागात विदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार तिच्याखाली चिरडला गेला. त्यामुळे त्या परिसरातली जुनी गाडी आणि भोवती जमलेली माणसे दिसली की मन आपोआप त्या वर्षाकडे धाव घेते.

मात्र भिंगाखाली पाहिल्यावर पाण्याची टाकी टिकेना. नळकांड्याला वर झाकण होते, तळाशी राख काढण्याचे लहानसे दार होते. नळाचे दुसरे टोक फवाऱ्यापाशी न संपता इंजिनाच्या झाकणाखाली शिरले होते. टपावर काळवंडलेली पोती होती. ज्यांच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. इथे फरक इतकाच, की हा बंब पाणी तापवत नव्हता, गाडी चालवत होता.

ते लोणारी कोळशापासून वायू तयार करणारे यंत्र होते. कोळशाला पुरेशी हवा न देता तो जाळला, की कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू मिळतो. तो थंड करून, गाळून, हवेत मिसळून इंजिनात सोडला की पेट्रोलचे इंजिन त्यावर चालते. जॉर्ज इंबर्ट यांनी १९२०च्या दशकात या यंत्राला सुटसुटीत रूप दिले आणि दुसऱ्या महायुद्धात ते युरोपभर पसरले. एकट्या जर्मनीत युद्धाच्या अखेरीस अशी सुमारे पाच लाख वाहने होती. सोय मात्र महागात पडे. इंजिनाची ताकद एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटे, निघण्याआधी बराच वेळ कोळसा पेटवत बसावे लागे आणि बंद जागेत हा वासरहित वायू जीवघेणा ठरे. घाट आला की उतारूंनी उतरून बस ढकलायची, ही जुन्या पिढीच्या तोंडून ऐकलेली हकिकत अतिशयोक्तीची नव्हे.

केवळ बंबावरून साल ठरवणे धाडसाचे झाले असते, कारण असे प्रयोग युद्धापूर्वीही झाले होते. पण गाडीच्या दिव्यांवर काळी टोपणे होती व त्यांत प्रकाशापुरती बारीक फट ठेवलेली होती. चिखलरोधकांच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या होत्या. ही युद्धकाळातील ‘ब्लॅकआउट’ची खूण. १९३०मध्ये तिचे प्रयोजनच नव्हते.

साल बदलताच माणसेही बदलली. ती गाडीभोवती जमलेली नव्हती, एकामागे एक उभी होती. त्यांच्या हाती झेंडे नव्हते. काखेत रिकाम्या पिशव्या होत्या. मुख्य म्हणजे गाडीकडे कोणीच पाहत नव्हते. सर्वांचे डोळे दुकानाच्या दाराकडे लागले होते. ती धान्याची रांग होती.

मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. माघार घेताना ब्रिटिशांनी येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानला ब्रह्मदेशातून मिळणारे तेल थांबले आणि त्याच वाटेने येणारा तांदूळही थांबला. पेट्रोलचे नियंत्रण १९४१मध्येच सुरू झाले होते, मुंबईत धान्याचे रेशनिंग मे १९४३मध्ये आले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. म्हणजे गाडीच्या पाठीवरचा बंब आणि बायकांच्या काखेतल्या रिकाम्या पिशव्या यांचा उगम बऱ्याच अंशी एकच होता. छायाचित्रकाराच्या मनात हे असेल वा नसेल. त्याच्या काचेने दोन्ही टंचाया एका चौकटीत टिपल्या होत्या.

मी हे सारे संपादकांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण सर, रेशनच्या रांगेत स्मरणिकेत छापण्यासारखे काय आहे?” मला तत्काळ उत्तर सुचले नाही. सत्याग्रहाचे शौर्य खरेच होते. त्याला या छायाचित्राच्या खोट्या साक्षीची गरज नव्हती. पण रांगेतल्या बायांना मात्र या एका छायाचित्राखेरीज दुसरा साक्षीदार असेलच असे नाही. तासन् तास उभे राहून शेरभर धान्य घरी नेणे, हेही त्या काळातले जगणेच होते. त्याची मिरवणूक निघत नाही, म्हणून त्याला साल मिळत नाही आणि मग दुसऱ्याचे साल त्याच्यावर चिकटवले जाते.

स्मरणिका ठरल्या दिवशी प्रसिद्ध झाली. चुकीची ओळ तीत नव्हती. छायाचित्रही नव्हते.