रंगवलेले रक्त आणि खरे रक्त : पॅरिसच्या एका नाट्यगृहाचा इतिहास

१/
गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या खोलीत आम्ही सहा जण एक भयपट पाहत होतो. पडद्यावर एका माणसाचा हात करवतीने कापला जात होता. आमच्यातला एक मित्र शेंगदाणे खात म्हणाला, "रक्त खोटं वाटतंय." थोड्याच वेळात कुणाच्या तरी फोनवर रस्त्यावरील अपघाताची एक चित्रफीत आली. ती खरी होती. फोन हातोहात फिरला आणि आम्ही तीही त्याच चेहऱ्याने पाहिली. शेंगदाण्यांची पुडी अजून संपली नव्हती.

२/
त्या रात्री मला झोप नीट लागली. अस्वस्थता दुसऱ्या दिवशी आली. आजच्या भयपटांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : पूर्वी भीती होती, आता नुसता रक्ताचा सडा आहे, आणि तो पाहून पिढी निबर होत आहे. "पूर्वी असे नव्हते" हे वाक्य कानावर पडले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सनावळी उघडावी. या धाग्यात आपण ती उघडणार आहोत. त्यासाठी १९व्या शतकातील पॅरिसला जावे लागेल.

३/
नोत्र दाम चर्चच्या मागे पॅरिसचे सार्वजनिक शवागार होते. बेवारस प्रेतांची ओळख पटावी म्हणून ती काचेआड मांडून ठेवली जात. हेतू प्रशासकीय होता, गर्दी मात्र वेगळ्याच कारणाने होई. कामगार, गृहिणी, मुले, परदेशी प्रवासी असे सगळे येत. प्रवेश विनामूल्य होता आणि प्रवासी मार्गदर्शिकांत या जागेचा उल्लेख असे. एखाद्या खुनाची बातमी वर्तमानपत्रांत गाजली की दाराशी रांगा लागत. लोकांसाठी हे दालन १९०७ साली बंद झाले.

४/
गिलोटिनही उघड्यावर होते. फ्रान्समधील शेवटचा सार्वजनिक शिरच्छेद १७ जून १९३९ रोजी व्हर्साय येथे झाला. गुन्हेगाराचे नाव ऑयगेन वाइडमान. त्या प्रसंगाचे चित्रीकरण झाले आणि गर्दीच्या वर्तनाची इतकी नाचक्की झाली की त्याच महिन्यात सरकारने सार्वजनिक देहदंड थांबवला. पुढे पडद्यावर ड्रॅक्युला म्हणून गाजलेला ख्रिस्तोफर ली त्या वेळी १७ वर्षांचा होता. आपण तो प्रसंग पाहिला होता, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

५/
या पार्श्वभूमीवर १८९७ साली पिगाल परिसरातील एका बंद बोळात एक छोटे नाट्यगृह उघडले : ग्रां गिन्योल. वास्तू जुन्या चॅपेलची होती. आसने ३०० पेक्षाही कमी. छताजवळ दोन लाकडी देवदूत तसेच राहिले होते. गिन्योल हे लियों शहरातील बाहुल्यांच्या खेळातले प्रसिद्ध पात्र. 'ग्रां' म्हणजे मोठा. मोठ्यांसाठीचा बाहुल्यांचा खेळ, असा काहीसा खट्याळ अर्थ त्या नावात होता.

६/
संस्थापक ऑस्कार मेतेनिए. तो पूर्वी पोलीस खात्यात नोकरीला होता आणि गुन्हेगारांचे जग त्याने जवळून पाहिले होते. साहित्यात तो निसर्गवादाचा अनुयायी. भद्र रंगभूमीवर ज्यांना प्रवेश नव्हता अशा वेश्या, भुरटे चोर आणि रस्त्यावरची माणसे त्यांच्याच भाषेत रंगमंचावर आणणे हा त्याचा उद्देश होता. म्हणजे आरंभ रक्तापासून झाला नाही. 'जे आहे ते दाखवा' या आग्रहापासून झाला.

७/
१८९८ साली सूत्रे माक्स मोरे याच्याकडे आली आणि नाट्यगृह भीतीकडे वळले. किती प्रेक्षक बेशुद्ध पडले, यावर मोरे प्रयोगाचे यश मोजत असे. त्याने नाट्यगृहात एक डॉक्टरही ठेवला. एक आख्यायिका अशी : एका प्रेक्षकाला भोवळ आली, डॉक्टरांना हाक गेली, तर डॉक्टरच बेशुद्ध पडलेले! आख्यायिका आख्यायिकेसारखीच घ्यावी. पण भीतीची जाहिरात कशी करावी, हे मोरेला उमगले होते एवढे तीवरून निश्चित दिसते.

८/
त्याचा प्रमुख लेखक आंद्रे द लोर्द. हा गृहस्थ पेशाने ग्रंथपाल. त्याने शंभराहून अधिक भयनाट्ये लिहिली. त्याचा एक सहलेखक होता आल्फ्रे बिने, म्हणजे बुद्धिमापन चाचणीचा जनक असलेला तोच मानसशास्त्रज्ञ. त्यामुळे या नाटकांत भुते फारशी नसत. वेड, संसर्ग, सूड, शस्त्रक्रिया, संमोहन या गोष्टी असत. प्रेक्षकाला सैतानापेक्षा शेजाऱ्याची आणि स्वतःच्या मेंदूची भीती घालणे हे त्यांचे तंत्र.

९/
एका सायंकाळी चार-पाच छोटी नाटके होत. भयनाट्यानंतर प्रहसन, प्रहसनानंतर पुन्हा भयनाट्य. गरम पाण्यानंतर थंड पाण्याचा मारा करावा तसा हा क्रम होता. हसून सैल झालेले मन अधिक सहजपणे दचकते, हे त्यामागचे गणित. आजच्या चित्रपटांत दचकवण्याच्या क्षणाआधी जो विनोद पेरलेला असतो, तीच ही युक्ती.

१०/
रक्ताची कृतीही ठरलेली होती. कार्माइन हा लाल रंग आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण गरम करून वापरत; गार होताना ते खऱ्या रक्तासारखे साकळे. आत सरकणारी पाती, लपवलेले स्पंज, प्राण्यांचे डोळे अशी सगळी सामग्री असे. प्रेक्षक अवघ्या काही फुटांवर बसलेला, म्हणून हातचलाखी जादूगाराच्या तोडीची लागे. १९१४ ते १९३० या काळातील संचालक कामी श्वाझी याने प्रकाश, ध्वनी आणि रक्त यांचे तंत्र आणखी पुढे नेले.

११/
याच काळातली नटी पॉला माक्सा. जगात सर्वाधिक वेळा खून झालेली स्त्री, असा तिचा लौकिक. तिच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे रंगमंचावर तिचा खून १०,००० हून अधिक वेळा झाला. तिला भोसकले, जाळले, गळा दाबून मारले, तुकडे केले. पडदा पडला की ती उठत असे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मरण्यासाठी. हे तिचे उठणे लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी आपण त्याकडे परतणार आहोत.

१२/
आता गुणवत्तेचा प्रश्न. द लोर्दच्या सर्वांत परिणामकारक नाटकांपैकी एक १९०१ सालचे, टेलिफोनवर आधारलेले. एक गृहस्थ पत्नी आणि मुलाला एकाकी घरात ठेवून दूर गेला आहे. तो घरी फोन लावतो. बोलता बोलता पलीकडे मारेकरी शिरतात. आपल्या माणसांची हत्या तो फोनवर ऐकतो आणि काही करू शकत नाही. प्रेक्षकाला हत्या दिसतच नाही. दिसतो तो फक्त ऐकणारा चेहरा.

१३/
१९०९ साली अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ याने याच नाटकावरून 'द लोनली व्हिला' हा मूकपट केला. शेवट बदलून कुटुंबाला वाचवले. पण घर आणि दूरवरचा पती यांच्यात आलटून-पालटून फिरणारा कॅमेरा त्यातून पुढे आला. एका रक्तहीन भयनाट्याने चित्रपटाच्या संकलनाला हातभार लावला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

१४/
येथे आपल्या परंपरेतील एक भेद उपयोगी पडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस आहेत. पहिल्याचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. 'हॉरर' या एकाच पाटीखाली आपण दोन्ही कोंबतो आणि मग भांडतो. युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असेही नाट्यशास्त्र सांगते. आणि तरीही भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. म्हणजे 'दाखवावे की सुचवावे' हा वाद आजचा नाही.

१५/
चित्रपटांतही हेच दिसते. 'सायको' (१९६०) मधील स्नानगृहातील रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत. चित्रपट कृष्णधवल असल्याने ते खपून गेले. 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' (१९७४) अत्यंत रक्तरंजित म्हणून लोकांच्या स्मरणात आहे. पुन्हा पाहिला तर दिसणारे रक्त आश्चर्य वाटावे इतके थोडे. उरलेले प्रेक्षकाने स्वतः भरले. याउलट 'ब्लड फीस्ट' (१९६३) मध्ये रंगीत रक्ताचे पाट आहेत. आज त्याचे स्मरण होते ते या प्रकाराचा आरंभ म्हणून. त्याची भीती वाटते म्हणून नव्हे.

१६/
ग्रां गिन्योल १९६२ साली बंद पडले. शेवटचे संचालक शार्ल नोनों यांनी कारण दिले ते फार उद्धृत केले जाते. आशय असा : बूखेनवाल्डच्या छळछावणीशी आम्ही स्पर्धा करू शकत नाही. युद्धापूर्वी आमच्या रंगमंचावरच्या गोष्टी लोकांना अशक्य वाटत. आता त्या, आणि त्याहून भयंकर गोष्टी, वास्तवात घडू शकतात हे सर्वांना ठाऊक झाले आहे.

१७/
हे वाक्य मनाला पटते. सनावळीला मात्र तितकेसे पटत नाही. १९१६ साली व्हर्दंच्या लढाईत फ्रान्सची एक पिढी कापली गेली. माक्सा ग्रां गिन्योलमध्ये आली ती १९१७ साली, आणि नाट्यगृहाचा वैभवकाळ मानला जातो तो १९२० च्या दशकात! म्हणजे खऱ्या संहाराने खोट्या संहाराची ओढ मरतेच असे नाही. दुसऱ्या युद्धानंतरच्या ऱ्हासाला आणखी एक कारण होते : १९५७ पासून ब्रिटनची हॅमर कंपनी रंगीत भयपट काढू लागली होती. शिवाय प्रेक्षक आता भयनाट्यातच हसू लागला होता.

१८/
उलट खरा संहार कधी कधी खोट्याला जन्म देतो. 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) आणि 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) यांतील जखमा घडवणारा टॉम साविनी व्हिएतनाम युद्धात लष्करी छायाचित्रकार होता. तिथे पाहिलेल्या देहांचा आपल्या कामाशी असलेला संबंध त्याने स्वतः सांगितला आहे. २००४ साली अबू ग्रेब तुरुंगातील छळाची छायाचित्रे जगासमोर आली. त्याच वर्षी 'सॉ' प्रदर्शित झाला. २००६ साली समीक्षक डेव्हिड एडल्स्टीन याने अशा चित्रपटांना 'टॉर्चर पॉर्न' हे नाव दिले. 'सॉ' त्या छायाचित्रांवरून निघाला असे नव्हे. पण त्याचा प्रेक्षक ती छायाचित्रे पाहिलेला होता.

१९/
तेव्हा निष्कर्ष काय? पहिला : हिंसादर्शनाची ओढ आधुनिक नाही आणि चित्रपटाने ती निर्माण केलेली नाही. शवागारासमोरच्या रांगा चित्रपटाच्या आधीच्या आहेत. दुसरा : रक्ताच्या प्रमाणावरून कलाकृतीची प्रत ठरत नाही. जिच्यावर घाव पडतो ती व्यक्ती आपल्याला माणूस वाटली की एक थेंब पुरतो. न वाटली तर पिंपभर ओतूनही हसूच येते.

२०/
तिसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शवागार आणि ग्रां गिन्योल ही दोन्ही ठिकाणे एकाच शहरात दहा वर्षे एकाच वेळी चालू होती. प्रेक्षकही बहुधा तेच. पण काचेआडच्या प्रेताला कुणी विचारले नव्हते आणि ते उठणारही नव्हते. माक्सा मात्र स्वेच्छेने मरत होती आणि उठत होती. नाट्यगृहाला पडदा होता, तिकीट होते, शेवट होता. ही चौकट म्हणजे प्रेक्षक आणि नट यांच्यातला करार आहे : इथे कुणालाही खरी इजा होणार नाही, म्हणून तू निर्धास्तपणे घाबर.

२१/
आपल्या हातातील फोनने ही चौकट काढून टाकली आहे. एका बोटाच्या अंतरावर अभिनीत मृत्यू आणि खरा मृत्यू, एकाच आकारात, एकाच प्रकाशात, एकामागोमाग एक. १९०७ साली बंद झालेले दालन पुन्हा उघडले आहे, आणि या वेळी नातेवाइकांनी ओळख पटवावी एवढाही हेतू त्यामागे नाही. आमच्या खोलीत त्या रात्री भयपटाने काही बिघडवले नव्हते. बिघडले होते ते आमचे, कारण दुसऱ्या दृश्यातला माणूस उठणार नव्हता हे आमच्या ध्यानातच आले नाही.

२२/
ग्रां गिन्योलची ती वास्तू आजही उभी आहे. तिथे आता कर्णबधिर कलावंतांचे नाट्यगृह चालते; एके काळी किंकाळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रंगमंचावर आता हात बोलतात. मी भयपट पाहणे सोडलेले नाही, सोडण्याचे कारणही दिसत नाही. त्या अपघाताची चित्रफीत मात्र मी फोनमधून काढून टाकली, आणि ती पाठवणाऱ्या मित्राला यापुढे तसले काही पाठवू नकोस असे सांगितले. तो म्हणाला, "अरे, परवा तर करवत बघत होतास!" हा धागा त्याला दिलेले उत्तर आहे.

समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडावा.